जिता फाटा, उतरा!

जालन्याकडून मंठा ओलांडून जिंतूरच्या रस्त्याला लागलं, की एका ठिकाणी एसटीतली निम्मी माणसं गाडी थांबायच्या आतच उभी राहतात. बोचकी दाराकडे सरकतात, कुणाचा तरी पाय कुणाच्या तरी चपलेवर पडतो आणि कंडक्टर ओरडतो, "फाटा, फाटा! देवगाव फाटा!" उजवीकडं सेलू, सरळ चारठाणा आणि जिंतूर. मुद्दाम इथंच यायचं म्हणून घरून निघालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. इथं प्रत्येक जण दुसरीकडे जाताना येतो. तालुका सेलू, जिल्हा परभणी, मुख्य व्यवसाय वाट बघणे.

या फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला, पासपोर्ट फोटो, सगळं होतं. संध्याकाळी गर्दी ओसरली की माझा पुतण्या दुकानातल्या दोनपैकी बऱ्या कंप्युटरवर बसतो आणि अंतराळात निघून जातो. उरलेल्या कंप्युटरवर मी हिशेब करतो. गेली दोन वर्षं त्याच्या खांद्यावरून डोकावून माझी एक खात्री झाली आहे. या खेळात नव्यानं येणाऱ्याला जहाज चालवता आलं नाही तरी चालेल, फाट्यावर उभं राहता आलं पाहिजे.

खेळाचं नाव ईव्ह ऑनलाइन. आइसलँडमधल्या रेक्याविकच्या सीसीपी नावाच्या कंपनीनं तो ६ मे २००३ रोजी सुरू केला. तेव्हा आमचा पुतण्या बालवाडीत होता आणि दगड खात होता. आता तो दगड फोडतो. म्हणजे पहिल्या दिवशी मी डोकावलो तेव्हा पडद्यावर काळंभोर आकाश, लांबवर निळसर धूर, आणि मधोमध एक चिमुकलं जहाज एका धोंड्यावर लेसरचा झोत सोडून निवांत उभं होतं. अर्ध्या तासानं पाहिलं तरी तसंच.

"काय करायलास रे?"

"दगड फोडायलो, काका. वेल्डस्पार आहे."

तेवढ्यात आमचे थोरले दादा, म्हणजे त्याचे वडील, दुकानात आले. बहात्तरच्या दुष्काळात दादांनी पोरवयात मिलोची भाकरी खाऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडली आहे. त्या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानला जातो. त्यांनी चष्मा पुसून पडदा पाहिला.

"मजुरी काय देतेत?"

"इस्क मिळतं, बाबा."

दादांनी माझ्याकडं पाहिलं. मी घाईनं खुलासा केला, की ते तसलं काही नाही. आयएसके हे खेळातल्या नाण्याचं नाव, आणि आइसलँडच्या खऱ्या क्रोना चलनाची खूणही तीच. पोरं त्याला इस्क म्हणतात. दादांनी पुढं विचारलं, की खेळायला पैसे पडतात का. पुतण्या अभिमानानं म्हणाला, की महिन्याची वर्गणी भरली तर जास्त सवलती मिळतात, पण २०१६ पासून साध्या खात्याला काही पडत नाही, फुकट आहे.

"म्हंजे फुकटात फोडून घेतेत म्हण की," दादा म्हणाले आणि टपरीकडं निघून गेले.

अंतराळाबद्दल दादांचं मत तसंही बरं नाही. मंठ्याहून वर गेलं की लोणार लागतं. आभाळातून आमच्या भागात आलेली मोठी वस्तू म्हणजे तो एक अशनी, आणि त्यानं आल्या आल्या सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडला. "तिकून आलेल्यानं हे केलं," दादा म्हणतात, "आता तुमी तिकडं कामून जायलेत?"

नवा माणूस खेळात शिरला की त्याचा पहिला प्रश्न असतो, इथं करायचं काय? याला उत्तर नाही. सात हजारांवर तारकामंडळं आहेत आणि जगभरचे जवळपास सगळे खेळाडू एकाच विश्वात फिरतात. दगड फोडा, माल वाहा, व्यापार करा, लूटमार करा, नाहीतर नुसतं हिंडा. सुरुवातीचे धडे मिळतात, पण ते संपले की कुणी बोट धरून नेत नाही. एसटी पोराला फाट्यावर उतरवून धूळ उडवत निघून जाते, तेव्हा त्या पोराचा चेहरा जसा होतो तसा इथं प्रत्येक नवख्याचा होतो. चारी बाजूंना रस्ते दिसतात, पण यातला आपला कोणता हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

एका मंडळातून दुसऱ्यात जायला फाटकं आहेत. फाटकात शिरायचं, पलीकडच्या फाटकातून निघायचं. जिथं जास्त फाटकं तिथं जास्त वर्दळ, जिथं वर्दळ तिथं बाजार. सगळ्यात मोठा बाजार जिता नावाच्या मंडळात, चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्रावरच्या स्थानकात भरतो. गर्दीच्या वेळी एकट्या जितात दोन-दोन हजार माणसं असतात. हा बाजार कंपनीनं वसवलेला नाही. सुरुवातीच्या काळात बाजार युलाई नावाच्या ठिकाणी होता, कारण लांब पल्ल्याचे महामार्ग तिथं मिळत. पुढं कंपनीनं ते महामार्गच काढून टाकले. व्यापाऱ्यांनी गाशा गुंडाळला आणि सोयीच्या जागा शोधता शोधता जिताला गर्दी झाली. युलाई आजही नकाशावर आहे. आहे म्हणजे आहे, एवढंच.

ही हकिकत मी आमच्या फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला सांगितली. तो भजी तळता तळता थांबला. समृद्धी महामार्गानं जुन्या नागपूर रस्त्यावरच्या ढाब्यांचं काय केलं हे त्याला ठाऊक आहे, आणि जालना-नांदेड जोड महामार्गाचं नाव काढलं की त्याचा हात तसाही थरथरतो. "त्या युलाईवाल्यांना मोबदला मिळाला का?" त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. तेल करपेपर्यंत तो गप्प होता.

आता नवख्याची मुख्य चूक. ती आमच्या पुतण्यानं तिसऱ्या आठवड्यात केली. तोवरच्या सगळ्या कमाईचा माल एका मोठ्या, संथ मालवाहू जहाजात भरला, जितापर्यंतचा रस्ता ऑटोपायलटवर लावला आणि तो जेवायला गेला. ऑटोपायलट हा प्रकार आमच्याकडच्या काही ड्रायव्हरांसारखा आहे. फाटकाच्या दारात नेत नाही, बऱ्याच अलीकडं सोडतो आणि उरलेलं अंतर रांगत काटतो. मेथीची भाजी आणि दीड भाकरी होईस्तोवर पुतण्याचं जहाज प्रत्येक फाटकाअलीकडं असं रांगत होतं. तो हात पुसत आला तेव्हा पडद्यावर जहाज नव्हतं. एका अंड्याएवढ्या कुपीत त्याचा माणूस एकटाच तरंगत होता.

"पण हा हाय-सिक्युरिटी भाग होता!" तो ओरडला.

इथंच गोम आहे. प्रत्येक मंडळाला सुरक्षिततेचे गुण असतात. ०.५ ते १.० गुणांच्या भागाला हाय-सिक्युरिटी म्हणतात आणि नवखा त्याचं भाषांतर 'सुरक्षित' असं करतो. तिथं कॉन्कॉर्ड नावाचं पोलीसदल आहे, ते नक्की येतं आणि हल्लेखोराची जहाजं हमखास उडवतं. फक्त ते येईस्तोवर तुमचं जहाज उडालेलं असतं. कॉन्कॉर्ड बचाव करत नाही, पंचनामा करतं. लुटारूंना हे माहीत असतं. ते दहा-बारा स्वस्त जहाजं घेऊन येतात, तुमच्या मालाची किंमत यंत्रानं आधीच पाहून ठेवतात, आणि माल आपल्या जहाजांपेक्षा महाग निघाला तरच गोळी झाडतात. ती जहाजं जाणार हे त्यांनी खर्चात धरलेलं असतं. त्यांचाच एक जोडीदार बाजूला थांबलेला असतो, तो मागाहून माल उचलून नेतो.

दादांना हे सांगितल्यावर पहिल्यांदा त्यांनी खेळात रस घेतला. "सगळा कापूस एका खेपेला मोंढ्यावर नेत नसतेत," ते म्हणाले. "अन् ताडपत्री टाकल्याबिगर तर नाहीच." अंतराळात ताडपत्री चालत नाही, यंत्रानं आतलं दिसतं, हे ऐकून त्यांना त्या लोकांची कीव आली. पण ईव्ह खेळणारे जुनेजाणते नवख्याच्या कानात सांगतात तो पहिला नियम दादांच्या बोलण्यापासून फार लांब नाही. जे गमावायची ऐपत नाही, ते घेऊन उडायचं नाही. इथं तुटलेलं जहाज परत मिळत नाही. विमा उतरवता येतो, पण तो मालाचा नसतो आणि चांगल्या जहाजाची पूर्ण भरपाईही देत नाही. पीकविम्याचे फॉर्म भरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

माणूस मात्र मरत नाही. कुपी फुटली तरी त्याची नक्कल आपल्या घरच्या स्थानकात जागी होते. माल गेला, जहाज गेलं, आपण घरी. आमच्याकडं याला फार पूर्वीपासून एक म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' आइसलँडच्या लोकांना एवढा मोठा खेळ तयार करून जे सांगावं लागलं, ते आमच्या पूर्वजांनी एका ओळीत संपवलं होतं.

दुसरी शिकवण जिताच्या बाजारात मिळते. तिथं उतरल्या उतरल्या गप्पांच्या चौकटीत ओळी धावू लागतात, मला अमुक इस्क पाठवा, दुप्पट परत करतो. कधीकधी लहान रक्कम पाठवली तर खरंच दुप्पट येते. मग नवखा मोठी पाठवतो. दामदुप्पट नावाचं हे शास्त्र शिकायला आमच्या भागात कंप्युटर लागत नाही, ज्यांच्या घरी ठेवींच्या पावत्या फ्रेम करून ठेवण्याच्या लायकीच्या झाल्या आहेत त्यांना विचारा. गंमत म्हणजे ईव्हमध्ये अशी फसवणूक खेळाच्या नियमांत बसते. तक्रार केलीत तर सौम्य शब्दांत शहाणपण मिळेल, पैसे नाहीत. करार वाचताना शून्यं मोजायची. बोट ठेवून, मोठ्यानं, एकक-दशक-शतक. पुतण्याला असं मोजताना पाहून एका गिऱ्हाइकाला वाटलं, पोरगा तलाठ्याच्या परीक्षेला बसलाय.

त्याच सुमारास एक दिवस त्याच्या पडद्यावर एक्सेलचा तक्ता दिसला. मला गहिवरून आलं. म्हटलं, पोरगं सुधारलं, दुकानाचा हिशेब करतंय. जवळ जाऊन पाहिलं तर वेल्डस्पारचे चार बाजारांतले भाव! या खेळाला त्याचे खेळाडूच 'अंतराळातलं एक्सेल' म्हणून चिडवतात. २०२२ मध्ये कंपनीनं आपल्या मेळाव्यात मायक्रोसॉफ्टबरोबर खेळ थेट एक्सेलला जोडणार असं जाहीर केलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तारे बघायला म्हणून येतात आणि किराणा दुकानदार होऊन बसतात. २००७ मध्ये तर कंपनीनं या बाजारावर लक्ष ठेवायला खराखुरा अर्थशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला होता. आमच्या बाजारावर लक्ष ठेवायला टपरीवाले मामा आहेत, बिनपगारी.

मामांची आठवण पडद्याच्या एका कोपऱ्यामुळं निघते. तिथं एक यादी असते, तिला 'लोकल' म्हणतात. त्या क्षणी त्या मंडळात कोण कोण आहे, सगळ्यांची नावं. जिथं पोलीस फिरकतच नाहीत अशा भागात यादीत अनोळखी नाव चढलं, की सगळे हातातलं काम टाकून स्थानकात शिरतात. आमच्या फाट्यावर पांढरी गाडी थांबून काळी काच खाली झाली की मामा केटली न ठेवताच म्हणतात, "आपल्याकडचं नाही." पुढच्या मिनिटाला विनापरवाना रेतीचा विषय काढणारे दोघे-तिघे क्रिकेटवर बोलू लागतात. नवख्यानं जहाजाच्या चकाकीकडं कमी आणि लोकलकडं जास्त बघावं. आणखी एक. वर्महोल नावाची काही मंडळं आहेत, तिथं माणूस स्वतः बोलल्याशिवाय यादीत दिसत नाही. अशा ठिकाणी यादी रिकामी म्हणून निर्धास्त होणं म्हणजे निवडणुकीच्या आदल्या रात्री गल्ली शांत आहे म्हणून झोपणं.

एकट्यानं हा खेळ फार दिवस होत नाही. गट धरावा लागतो, त्याला कॉर्पोरेशन म्हणतात, आणि गटांचे मिळून मोठे संघ होतात. पुतण्यानं पहिल्यांदा गटासाठी अर्ज केला तेव्हा त्याची अशी उलटतपासणी झाली, की त्यापेक्षा सोयरीक सोपी. आधी कुठं होतास, का सोडलंस, ओळखीचं कोण? याला कारण आहे. २००५ मध्ये गायडिंग हँड सोशल क्लब नावाच्या भाडोत्री टोळीनं एका बड्या गटात आपली माणसं वर्षभर आधी पेरली. ती प्रामाणिकपणे राबली, वर चढली, तिजोरीच्या किल्ल्या मिळवल्या. मग एके दिवशी इशारा झाला. गटाच्या प्रमुखबाईंचं जहाज फुटलं आणि कोठारं रिकामी झाली. त्या मालाची किंमत तेव्हा साडेसोळा हजार डॉलरच्या घरात सांगितली गेली. वर्षभर आपल्या पंगतीला जेवला आणि मतदानाच्या दिवशी पलीकडच्या टेबलावर चिठ्ठ्या फाडत बसलेला दिसला, हे ज्यानं ग्रामपंचायतीला पाहिलंय त्याला यात नवल वाटायचं नाही. वर्षभर चिकाटी दाखवली याचं मात्र वाटेल.

आणि हप्ते वेळेवर भरावेत. २७ जानेवारी २०१४ ची गोष्ट. बी-आर-५-आर-बी नावाच्या मंडळाचा ताबा ज्यांच्याकडं होता, त्यांचा तिथला ठरावीक हप्ता भरायचा राहून गेला. ताबा सुटला, शत्रू धावले, मित्र धावले, आणि एकवीस तास लढाई चालली. साडेसात हजारांवर माणसं त्यात उतरली. टायटन हे सगळ्यात अवाढव्य जहाज, बांधायला महिने लागतात. तशी पंचाहत्तर फुटली. नुकसान खऱ्या पैशात तीन लाख डॉलरच्या आसपास धरतात. पुतण्या हे डोळे विस्फारून सांगत होता. मी त्याच्यापुढं दुकानाचं लाइट बिल ठेवलं. त्याची शेवटची तारीख काल होती.

अशा मोठ्या लढायांत कंपनीच्या कंप्युटरवर ताण आला की खेळातला काळच मंद होतो, पार एक-दशांश वेगापर्यंत. मिनिटाभरात सुटणारी तोफ दहा मिनिटांनी सुटते. पुतण्याला वाटलं मी चकित होईन. मी त्याला म्हणालो, बाळा, तू कधी मोजणीच्या अर्जामागं लागला नाहीस.

एका बाबतीत मात्र खेळ आमच्या माणसाला फार जवळचा आहे. इथलं कौशल्य दगड फोडून किंवा माणसं मारून वाढत नाही. ते रांगेत लावायचं आणि थांबायचं. खऱ्या घड्याळाप्रमाणं ते वाढतं, तुम्ही झोपलात तरी, सेलूला लग्नाला गेलात तरी. लहान कौशल्याला वीस मिनिटं, मोठ्याला महिना-महिना. शहरातली पोरं यानं वैतागतात म्हणे. तूर पेरलेल्या घरातल्या पोराला कसला वैताग? पेरलं, आता येईल. रोज उपटून मूळ पाहत बसायचं नाही.

आणि रोज दुपारी साडेचारला, म्हणजे तिकडच्या अकराला, सगळं विश्व देखभालीसाठी बंद होतं. लढाई असो, लूट असो, जिता असो, बंद. काही मिनिटांत पुन्हा सुरू. माझ्या दुकानातही सर्व्हर डाऊन होतो, पण तो मुहूर्त सांगून होत नाही आणि उठेल कधी हे कुणाला विचारायची सोय नसते. त्यामुळं साडेचारची ही शिस्त पाहून मला त्या खेळाबद्दल आदर वाटू लागला. साडेचार म्हणजे मामांच्या दुसऱ्या केटलीची वेळ. रेक्याविकमध्ये कुणीतरी नक्की चहाबाज आहे.

पहिलं जहाज गेल्यावर पुतण्या आठवडाभर खिन्न होता. मग छोट्या जहाजातून तो धोक्याच्या भागात लढायला गेला आणि अर्ध्या मिनिटात फुटला. आता समोरचा शिव्या देणार म्हणून त्यानं डोळे मिटले. समोरच्यानं 'गुड फाइट'ची दोन अक्षरं लिहिली, कुठं चुकलास ते तीन ओळींत समजावलं आणि वर तशी दोन जहाजं येतील एवढं इस्क पाठवलं. या खेळात जुने खेळाडू असं करतात. पुतण्याला हा चमत्कार वाटला. मी रोज बघतो. सेलूच्या काळीपिवळीत जागेसाठी जो तुम्हाला कोपर मारून आत घुसतो, तोच गाडी सुटली की म्हणतो, "द्या ती पिशवी इकडं, मांडीवर घेतो."

परवा रात्री आठच्या सुमाराला मी शटर ओढायच्या बेतात होतो. पुतण्या जितापासून चार फाटकं अलीकडं होता, श्वास रोखून. या खेपेला त्यानं ऑटोपायलट लावला नव्हता. तेवढ्यात एक म्हातारी दारात आली. डोक्यावर गाठोडं, हातात विझत आलेला मोबाइल.

"सेलूची गाडी गेली का रं बाळा?"

तो उठला. म्हटलं, मी जातो. तोवर तो गाठोडं उचलून रस्ता ओलांडत होता. शेवटची जीप भरून निघालीच होती. त्यानं तिला हात केला, पुढच्या दोघांना सरकवलं, म्हातारीला बसवलं, गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. "मागं टपावर टाकू नको, आजी, सोबत असू दे." ड्रायव्हरला दोनदा स्टॉप सांगितला.

परत आला तेव्हा पडद्यावर ती कुपी तरंगत होती.

"गेलं?" मी विचारलं.

"गेलं."

"परवडायसारखं होतं का?"

त्यानं बोटावर शून्यं मोजली, एकक, दशक, शतक. "होतं," म्हणाला, आणि नव्या जहाजाच्या भावाची यादी उघडली. मी शटर अर्ध्यावरच ठेवलं आणि लाइट बिल भरायला घेतलं.